वकिलाने वकीलपत्र सोडले तर

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त गुडीहत्नूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या मांडवात घटस्फोटाविषयी बोलावयाचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत काडीमोडाची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. व्यवस्थापकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा क्षणभर सगळेच गप्प झाले. मग त्यांच्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बोला, वकीलसाहेब. आमच्याच गल्लीतली एक मुलगी दोन वर्षे आदिलाबादच्या पेश्या करते आहे. मागच्या महिन्यात तिच्या वकिलाने काम सोडले. तिला कोणी काही सांगत नाही." त्यांच्या त्या बोलण्यामुळे मी आज येथे उभा आहे.

आमच्या धंद्यातला माणूस असल्या विषयावर बोलू लागला, की तो दुसऱ्या वकिलांच्या चुका सांगणार असे श्रोत्यांना वाटते. म्हणून आरंभीच माझी स्वतःची चूक सांगतो. ती पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. ज्यांच्याशी तिचा संबंध आहे त्यांची नावे मी घेणार नाही.

या मंडलातल्याच एका खेड्यातल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. कारण असे दिले होते की बायको दोन वर्षांहून अधिक काळ सोडून गेली आहे. वास्तविक तिला घराबाहेर काढले होते आणि ती भावाकडे राहत होती. मी वकीलपत्र घेतले, कैफियत दाखल केली. दोन पेश्यांना बाई आल्या. पुढच्या तीन पेश्यांना आल्या नाहीत. फी राहिली होती, हेही खरे. माझ्या गुमास्त्याने एक कार्ड लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. पुढच्या तारखेला पुकारा झाला तेव्हा मी उभा राहून न्यायाधीशांना सांगितले, "पक्षकाराकडून मला काही सूचना नाहीत. मला या कामातून मोकळे करावे." त्यांनी मोकळे केले. मी पुढच्या कामाकडे वळलो. तेवढ्याला दोन मिनिटेसुद्धा लागली नसतील.

पाच महिन्यांनी त्या बाई कापडी पिशवी घेऊन माझ्या घरी आल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "वकीलसाहेब, माझा खटला कधी संपला?" त्यांना तो संपल्याचे त्यांच्या नणंदेच्या गावच्या माणसांकडून कळले होते, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती. मी जुनी मिसल काढली. वकीलपत्रावर त्यांचा पत्ता होता तो सासरच्या घराचा. नवऱ्याच्या अर्जात जो पत्ता होता तोच आमच्या गुमास्त्याने उतरून घेतला होता, आणि कार्डही तेथेच गेले होते. बाई तीन पेश्यांना का आल्या नाहीत, तर त्या दिवसांत कापसाची वेचणी चालली होती, भावजय आजारी होती, आणि "वकील दिला आहे, तो बघेल" अशी त्यांची समजूत होती. ती समजूत करून देणारा मीच होतो. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हणालो होतो, "बाई, तुम्ही आता काळजी सोडा."

वकील काम सोडतो हे वाईटच, असे मी म्हणत नाही. त्याला सोडण्याचा हक्क आहे, आणि काही वेळा ते त्याचे कर्तव्यही असते. पक्षकार खोटी साक्ष द्या म्हणतो, किंवा वकिलाला न विचारता परस्पर दुसऱ्याकडे कागद नेतो, किंवा वकील आजारी पडतो, सरकारी वकील नेमला जातो, किंवा समोरच्या बाजूचे त्याच्याशी काही जुने काम निघते. आपसांतल्या संमतीच्या घटस्फोटात तर हा प्रसंग वारंवार येतो. दोघांनी मिळून एकच वकील केलेला असतो. पुढे दागिन्यांवरून किंवा मुलाच्या ताब्यावरून बिनसते, आणि मग त्या वकिलाला एकाची बाजू धरता येत नाही, दोघांनाही सोडावे लागते. (तेथे घाबरण्याचे कारण नाही. हुकूमनामा होईपर्यंत संमती काढून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे.) तेव्हा कारणे अनेक आहेत. पण कारण कोणतेही असो, सोडण्याची एक रीत आहे, आणि ती पक्षकाराला ठाऊक नसते.

ती रीत सांगतो. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तिसऱ्या आदेशाचा चौथा नियम आहे. त्याप्रमाणे एकदा न्यायालयात दाखल झालेले वकीलपत्र काम संपेपर्यंत चालू राहते. ते मध्येच संपवावयाचे तर वकिलाच्या किंवा पक्षकाराच्या सहीचा लेखी कागद न्यायालयात द्यावा लागतो आणि न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे तुमच्या वकिलाने फोनवर "मी तुमचे काम करणार नाही" असे म्हटले, तरी कागदोपत्री तो तुमचा वकील असतोच. पहिल्याने हे बघावयाचे की त्याने न्यायालयात कागद दिला आहे की नुसते तोंडाने सांगितले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही लिहिलेले आहे की एकदा घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय सोडू नये, सोडल्यास पक्षकाराला वाजवी आणि पुरेशी सूचना द्यावी, आणि न केलेल्या कामाची जेवढी फी घेतली असेल तेवढी परत करावी. मी ते कार्ड लिहिले तेव्हा हा नियम होताच. मी त्याचे शब्द पाळले, अर्थ पाळला नाही.

आता मुलीच्या किंवा बाईच्या हाती असा निरोप आला, की "वकिलाने सोडले," तर काय करावयाचे? पुरुषांवरही हा प्रसंग येतो. परंतु मी बाईंची उदाहरणे घेतो, कारण आपल्याकडे बाईला निरोप उशिरा मिळतो आणि तिच्या हाती पैसा कमी असतो.

पेशीच्या तारखेला स्वतः जावे, ही पहिली गोष्ट. गुडीहत्नूरहून आदिलाबादला जाणे काही अवघड नाही, हमरस्ता दाराशी आहे. तरी तारखेच्या दिवशी घरातून निघणे हेच अवघड होऊन बसते. "वकीलच नाही तर जाऊन काय करू?" हा विचार जो घात करतो तो दुसरे काहीही करीत नाही. वकील सुटला तरी तारीख तशीच उभी असते. दिवाणी न्यायालयात पक्षकाराला स्वतः हजर राहण्याचा आणि स्वतः बोलण्याचा हक्क आहे. वकील हा त्याच्या वतीने बोलणारा. कुटुंब न्यायालयांचा १९८४ सालचा कायदा तर याच्याही पुढे जातो. त्या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून मानलेलाच नाही. न्यायाधीशाला जरूर वाटली तर तो कायदा जाणणाऱ्या माणसाची मदत न्यायालयाचा साहाय्यक म्हणून घेऊ शकतो. तेव्हा एकटी बाई न्यायाधीशापुढे उभी राहिली तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

सकाळी साडेदहाच्या आत पोचावे. बाहेर लावलेल्या यादीत आपला नंबर बघावा, पुकारा ऐकू येईल अशा जागी बसावे. चहाला जावयाचे तर कोणाला तरी सांगून जावे. पुकाऱ्याच्या पाच मिनिटांत चहा पीत बसल्यामुळे गेलेले खटले मी पाहिले आहेत. नाव पुकारले की पुढे जाऊन नमस्कार करावा आणि सांगावे, "मी स्वतः हजर आहे. माझ्या वकिलांनी काम सोडले आहे. मला दुसरा वकील देण्यासाठी वेळ पाहिजे." तेलुगू येत असेल तर तेलुगूत, नाही तर हिंदीत, तेही नसेल तर मराठीत. १९५६ साली जिल्हे वाटले गेले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट भाग नांदेडकडे गेला, राजुरा पुढे चांद्याला जोडला गेला, आणि आपण येथेच राहिलो. तेव्हापासून आपली घरे मराठी, दुकानाची पाटी तेलुगू आणि न्यायालयाचा कागद इंग्रजी. वकील असतो तोवर ही अडचण जाणवत नाही. तो गेला की तीच मोठी होते. म्हणून न समजलेल्या कागदावर सही करू नये, आणि शाळेतल्या मास्तरांकडून तो आधी वाचवून घ्यावा.

तोंडी सांगण्याबरोबर लेखी अर्ज द्यावाच. अर्जात पांडित्य नको. "मी या कामात गैरअर्जदार आहे. माझ्या वकिलांनी काम सोडल्याचे मला अमुक तारखेला कळले. त्यापूर्वी मला सूचना मिळाली नव्हती. एवढ्या दिवसांत मी अमुक प्रयत्न केले. दुसरा वकील देण्यासाठी मला पुढील तारीख मिळावी. माझा सध्याचा पत्ता असा आहे." इतके पुरे. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, हे माझ्या चुकीवरून आपण ओळखलेच असेल. अर्जाची एक प्रत समोरच्या वकिलाला द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी.

प्रयत्न केले हे का लिहावयाचे, तेही सांगतो. त्याच संहितेचा सतरावा आदेश तहकुबीविषयी आहे. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे ही सबब तेथे चालत नाही. वकील आजारी आहे किंवा अन्य कारणाने काम चालवू शकत नाही असे सांगितले, तर न्यायाधीशाची अशी खात्री व्हावी लागते की पक्षकाराला वेळेत दुसरा वकील देणे शक्य नव्हते. आणि एका पक्षकाराला साधारणतः तीनहून अधिक तहकुबी देऊ नयेत असा दंडक आहे. म्हणजे "वकील नाही" एवढे म्हणून भागत नाही. कळले कधी आणि त्यानंतर तुम्ही काय केले, हे दाखवावे लागते. परवा कळले आणि आज मी उभी आहे, असे म्हणणाऱ्या बाईला वेळ नाकारणारा न्यायाधीश माझ्या पाहण्यात विरळाच. दोन महिने ठाऊक असून काही केले नाही, तर मात्र खर्चाचा भुर्दंड बसतो किंवा काम पुढे ढकलले जात नाही.

त्यानंतर मिसल. जुन्या वकिलाकडे तुमचे लग्नाचे फोटो, पत्रिका, दवाखान्याची कागदे, पोलिसांत दिलेल्या अर्जाची नक्कल असे सारे असते. तो म्हणतो, "आधी बाकी फी टाका, मग कागद न्या." पुष्कळ लोक येथे हरतात. फी बाकी असेल तर ती त्याला मागता येते, त्यासाठी त्याला दावाही करता येतो; पण कागद अडवून धरता येत नाहीत. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने ९७ हजारांहून अधिक फी येणे आहे म्हणून बँकेच्या मिसली ठेवून घेतल्या होत्या. प्रकरण बार कौन्सिलकडे गेले. तेथे त्याची सनद १८ महिन्यांसाठी स्थगित झाली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फीसाठी पक्षकाराच्या मिसलीवर वकिलाला ताबा सांगता येत नाही. शिक्षा मात्र कमी करून ताकिदीवर आणली, कारण त्यापूर्वी हा प्रश्न असा स्पष्ट सुटलेला नव्हता. आता तो सुटला आहे. कागद मागताना मात्र भांडू नये. लेखी मागणी करावी, पोच मिळेल अशा टपालाने पाठवावी. मिळालेल्या कागदांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. कोऱ्या कागदांवर किंवा कोऱ्या वकीलपत्रांवर सह्या दिल्या असतील तर त्याही परत मागाव्यात. आणि मिसल मिळालीच नाही, तरी न्यायालयातल्या कागदांच्या नकला अर्ज करून मिळतात. थोडा वेळ आणि थोडे पैसे जातात, एवढेच.

नवा वकील नेमताना जुन्याची हरकत नसल्याची सही घ्यावी. तो ती देत नसेल तर न्यायालयाकडे परवानगी मागावी. येथे एक खुबी आहे ती लक्षात ठेवा. वकीलपत्र एकेका कामापुरते असते. आपल्याकडे एका बाईची तीन-तीन कामे चालू असतात. घटस्फोटाचे एक, पोटगीचे दुसरे, कौटुंबिक हिंसेच्या २००५ सालच्या कायद्याखालचे तिसरे. पोटगीचे काम पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ कलमाखाली चाले. १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेच्या १४४ कलमाखाली येते. वकिलाने एक सोडले की तिन्ही सोडली, ते विचारावे, आणि प्रत्येकाची पुढची तारीख वहीत लिहावी. तारीख कळण्यासाठी आता कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. प्रत्येक कामाला एक १६ अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवर घातला की पुढची तारीख आणि मागचे हुकूम दिसतात. नातवाला सांगावे, तो एका मिनिटात काढून देईल. हा क्रमांक माझ्या त्या बाईंच्या काळी असता, तर पाच महिने गेले नसते.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो. दुसऱ्या वकिलाला देण्याएवढे नाही म्हणून गप्प बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ सालचा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना आणि आणखी काही वर्गांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रीचे उत्पन्न किती, तिच्या भावाची जमीन किती, हे तेथे विचारण्याचे कारण नाही. इतर पुरुषांना मात्र सरकारने ठरविलेली उत्पन्नाची मर्यादा आहे. प्रत्येक जिल्ह्याला असे प्राधिकरण असते आणि जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील अशी एक समजूत आहे. माझ्या अनुभवात त्यांत चांगले-वाईट दोन्ही निघाले, आणि हे पैसे घेणाऱ्यांविषयीही तितकेच खरे आहे. याशिवाय हिंदू विवाह कायद्याच्या २४ कलमाखाली ज्याला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही त्याला काम चालू असतानाच्या पोटगीबरोबर खटल्याचा खर्चही समोरच्याकडून मागता येतो. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत, शक्य तोवर, हा अर्ज निकालात काढावा असे कायदा म्हणतो. माझ्या त्या बाईंच्या कामात हा अर्ज मी केलाच नव्हता. फी राहिली म्हणून मी त्यांच्यावर नाराज होतो, आणि ती फी मिळवून देण्याचा रस्ता माझ्याच कपाटातल्या पुस्तकात होता.

(हा कायदा आपल्या शेजारच्या गोंड, कोलाम बंधूंना लागू नाही; अनुसूचित जमातींना तो केंद्र सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय लागत नाही. त्यांच्या काडीमोडाच्या रीती निराळ्या आहेत आणि त्यावर बोलण्याचा अधिकार माझ्याहून त्यांच्या पटेलांना अधिक.)

आपण सीमेवरची माणसे. आपल्या लेकी किनवटला, नांदेडला, यवतमाळकडे दिलेल्या असतात. नवऱ्याने तिकडे अर्ज केला असेल तर तेथला वकील सुटल्याची बातमी येथे पोचायला आणखी वेळ लागतो. अशा बाईने दोन गोष्टी जाणाव्यात. तिला स्वतः अर्ज करावयाचा असेल तर २००३ सालच्या दुरुस्तीप्रमाणे ती जेथे राहते तेथल्या न्यायालयात करता येतो. आणि नवऱ्याने दुसऱ्या राज्यात केलेला खटला येथे आणावयाचा तर त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. तो निकालात निघेपर्यंत तिकडची तारीख चुकवू नये. पुष्कळजणी समजतात की दिल्लीला अर्ज केला म्हणजे नांदेडचे काम आपोआप थांबले. थांबविण्याचा हुकूम हाती असेल तरच ते थांबते.

आता, जिचे काम वकील गेल्यानंतर तिच्या पाठीमागे होऊनच गेले आहे, तिच्याविषयी. येथे दोन निराळ्या गोष्टींचा घोटाळा होतो. न्यायालयाने तिच्याविरुद्ध काम एकतर्फी चालवावयाचे ठरविले असेल, पण निकाल झालेला नसेल, तर पुढच्या तारखेला हजर होऊन योग्य कारण दाखवावे. न्यायालय तिला पूर्वीच्या जागी उभे राहू देते. हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमाखाली करावा लागतो, आणि त्याला मुदत अवघी ३० दिवस. समन्स नीट बजावलेलेच नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. बजावलेले असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून. मुदत टळली असल्यास उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा, त्यात प्रत्येक आठवड्याचा हिशेब द्यावा. जिने स्वतः अर्ज केला होता आणि गैरहजेरीमुळे तो काढून टाकला गेला, तिलाही तो पुन्हा उभा करण्यासाठी ३० दिवसच मिळतात.

घटस्फोटात ही घाई इतर दाव्यांहून अधिक का, ते नीट समजून घ्या. जमिनीचा एकतर्फी निकाल रद्द झाला तर जमीन तेथेच असते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत संपली आणि अपील झाले नाही, की कायद्याच्या १५ कलमाप्रमाणे दोघांनाही पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळते. त्या लग्नात तिसरी मुलगी येते, जिचा यात काही अपराध नसतो. मग पहिलीने हुकूमनामा रद्द करून घेतला तरी गुंता वाढतच जातो. माझ्या त्या बाई आल्या तेव्हा अपिलाची मुदत ३० दिवसांची होती आणि ती केव्हाच उलटली होती. २००३ साली ती ९० दिवसांची झाली. म्हणजे त्या नवऱ्याने लग्न लावले असते तर त्याला अडविणे कठीण होते. सुपारी फुटायची बाकी होती.

त्या दिवशी मला जे करता आले ते मी केले. स्वतः त्यांचे काम पुन्हा घेणे योग्य नव्हते, कारण आता मीच साक्षीदार होतो. एका तरुण वकिलाकडे त्यांना नेले आणि त्याला सारी मिसल दिली. शपथपत्रावर लिहून दिले की मी पक्षकाराला सूचना पोचल्याची खात्री न करता काम सोडले, आणि कार्ड कोणत्या पत्त्यावर गेले तेही लिहिले. धंद्यातल्या मित्रांना ते आवडले नाही. एक म्हणाला, "अशाने वकिली कशी चालणार?" मला त्याचा राग आला नाही, मीही पूर्वी तेच म्हणालो असतो. त्याच आठवड्यात आम्ही समोरच्या बाजूला रजिस्टर नोटीस पाठविली की हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दाखल झाला आहे. त्या नोटिशीने पुढची सोयरीक थांबली. न्यायालयाच्या हुकमाआधी मुलीकडच्या मंडळींनीच पाऊल मागे घेतले.

कायदा आमच्या बाजूला होता. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने, वकील गैरहजर राहिल्यामुळे हरलेल्या एका खेडूत माणसाच्या कामात सांगितले होते की ज्याने वकील नेमून आपल्याकडून करावयाचे ते केले, त्याला वकिलाच्या कसुरीचे फळ भोगावयास लावू नये. पुढे १९९० च्या दशकात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की वकील "सूचना नाहीत" म्हणून बाजूला झाला आणि पक्षकार त्या दिवशी हजर नसला, तर न्यायालयाने पक्षकाराला नोटीस पाठवावयास हवी. पण या निकालांवर विसंबून घरी बसू नका. १९९३ साली एका कंपनीने तीच सबब सांगितली तेव्हा न्यायालयाने ती मानली नाही. शिकलेसवरलेले लोक आहात, स्वतःच्या खटल्याची चौकशी का केली नाही, असाच त्याचा आशय होता. खेड्यातल्या बाईला जी सवलत मिळते ती पदवीधर मुलीला मिळेलच असे नाही, आणि आता आपल्या मुली पदवीधर आहेत.

उशीर माफ झाला, हुकूमनामा रद्द झाला. आम्ही जेथे होतो तेथे परत यायला दीड वर्ष लागले. शेवटी दोघांनी मिळून वेगळे होण्याचे ठरविले. बाईंना एकरकमी पोटगी आणि लग्नातली भांडी परत मिळाली. भांड्यांसाठी त्या अडून बसल्या होत्या. मला ते क्षुल्लक वाटले होते. पुढे कळले की ती त्यांच्या आईची होती.

वकिलाविरुद्ध काय करता येते, असे कोणी विचारील. अॅडव्होकेट्स कायद्याच्या ३५ कलमाखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक न्यायालयात मात्र जाता येत नाही. वकिलाची सेवा त्या कायद्याखाली येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरविले. माझा सल्ला असा की आधी आपली तारीख सांभाळावी, तक्रार नंतर करावी. रागाच्या भरात बार कौन्सिलला चार पाने लिहिणारे आणि त्याच दिवशीची पेशी चुकविणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. रखमाबाईंचे नाव आपण ऐकले असेल. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले, आणि १८८४ पासून १८८८ पर्यंत मुंबईच्या हायकोर्टात तो खटला चालला. १८८७ साली त्यांना सांगितले गेले की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. त्यांच्यामागे लोकांनी एक समिती उभी केली, पैसा गोळा केला, नामांकित वकील दिले. शेवटी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. आपल्या गल्लीतल्या मुलीला अशा समितीची गरज नाही. तिच्याबरोबर पेशीच्या दिवशी एसटीत बसून आदिलाबादला जाणारे, इंग्रजी कागद वाचू शकणारे एक माणूस पाहिजे. न्यासाने विद्यार्थ्यांची फी भरली, भांडी दिली, लग्नासाठी सभागृह बांधले. महिन्यातून चार-सहा दिवस असे एक माणूस देणे त्याला जड जाऊ नये. ज्यांची कामे चालू आहेत त्यांच्या तारखांची एक वही न्यासाच्या कचेरीत ठेवावी, पण ती कुलपात ठेवावी. असल्या गोष्टींची गावात चर्चा झाली तर बाया नाव लिहायला येणार नाहीत.

मी आता वकिली करीत नाही. पण वही ठेवणार असाल तर पहिले वर्षभर ती सांभाळण्याचे काम मी घेतो, आणि वहीतला पहिला रकाना सध्याच्या पत्त्याचा असावा अशी माझी अट आहे.